प्रशासक होता तेव्हा काही अडलं नाही? बरंच अडलं होतं

सुमारे चार वर्षांच्या खंडानंतर राज्यातल्या नगरपरिषदांची सभागृहं पुन्हा भरली, आणि त्याबरोबर एक मजकूर मोबाइलवरून जोरात फिरू लागला आहे. त्याचा आशय असा: चार वर्षं गावात नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. तरी नळाला पाणी आलं, कचरा उचलला गेला, दिवे लागले. भांडणं नव्हती, टक्केवारी नव्हती. सभेतले ठराव नुसते कागदी असतात, नगरसेवक अडाणी असतात, नगरसेविकांच्या नावाने त्यांचे नवरे कारभार हाकतात आणि निवडणुकीवर लोकांचा पैसा उधळला जातो. तेव्हा नगरपरिषदा कायमच्या प्रशासकाकडे द्या.

हा मजकूर पाठवणारे बहुतेक लोक प्रामाणिकपणे वैतागलेले आहेत. वैताग खरा आहे, म्हणूनच त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

आधी थोडी पार्श्वभूमी. बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या सुरुवातीला झाल्या होत्या. पाच वर्षांची मुदत २०२१ संपताना संपत आली. त्याआधीच, ४ मार्च २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट घातली होती: मागासलेपणाची पाहणी करणारा आयोग, त्याच्या आकडेवारीवरून ठरलेलं प्रमाण आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. त्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात लांबत गेला आणि निवडणुका टळत गेल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला. २ डिसेंबरला, आणि जिथे निवडणूक पुढे ढकलली गेली तिथे २० डिसेंबरला मतदान झालं. मतमोजणी २१ डिसेंबर २०२५ ला झाली. म्हणजे प्रशासकांचा काळ ही कुणी विचारपूर्वक केलेली सुधारणा नव्हती. तो खोळंबा होता.

आता पहिला मुद्दा, काही अडलं नाही हा. पाणी सोडणारा वॉल्व्हमन, घंटागाडीवरचा कामगार, दिवाबत्तीचा वायरमन, जन्म-मृत्यूची नोंद करणारा लिपिक हे सगळे कर्मचारी आहेत. त्यांचं काम नगरसेवकांमुळे चालत नव्हतं आणि नगरसेवक गेल्यामुळे थांबणारही नव्हतं. दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला दिलेला हक्क आहे. नगरसेवकाच्या चिठ्ठीशिवाय दाखला मिळाला याचा आनंद जरूर मानावा. तो आधीही तसाच मिळायला हवा होता. पण रोजचं काम चालू राहणं वेगळं आणि निर्णय होणं वेगळं. नवी पाण्याची टाकी जुन्या गावठाणात बांधायची की हायवेपलीकडच्या वसाहतीत? जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या गल्लीत पाणी रात्री दोनला येतं, ती वेळ बदलायची तर कुणाची वेळ कमी करायची? आठवडी बाजार हलवायचा का? यांची उत्तरं अभियंत्याच्या अंदाजपत्रकात सापडत नाहीत. ती कुणीतरी कुणाशी तरी भांडून मिळवायची असतात, आणि त्या भांडणासाठीच सभागृह असतं.

कराचंही तसंच. दर चार वर्षांनी होणारी मालमत्तांची फेरआकारणी, म्हणजे चतुर्वार्षिक आकारणी, आली की घराघरात नोटिसा जातात. कुणाच्या पत्र्याच्या शेडची नोंद पक्क्या खोलीत झालेली असते, कुणाच्या बंद दुकानाला चालू दुकानाचा दर लागलेला असतो. लोक हरकती देतात आणि त्यावर नगररचना विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते. तिथे समाधान झालं नाही तर पुढे अपील समिती आहे, आणि तिच्यात नगराध्यक्ष व इतर लोकप्रतिनिधींनाही जागा आहे. सभागृहच नसेल तर या जागी कोण बसणार? आणि त्याआधी कराचा किंवा पाणीपट्टीचा दर वाढवायचा की नाही हे सभेत सगळ्यांसमोर, हात वर करून ठरायला हवं. प्रशासकाच्या काळात तेवढ्यासाठी एक सही पुरते.

पैशाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान येऊ लागलं. लहान गावात त्याचा मोठा भाग पगारातच जातो. मालमत्ता कराची वसुली तुटपुंजी असते. मग रस्ता, गटार, टाकी यांसाठी उरतो तो नगरोत्थानसारख्या योजनांचा आणि केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीला अट होती ती निवडून आलेल्या स्थानिक संस्थेची. निवडणुका लांबल्या तसा हा निधी अडकला. काही अडलं नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात वित्त आयोगाचं लेखाशीर्ष उघडून पाहावं.

दुसरा मुद्दा टक्केवारीचा. लोकांच्या मनाला सगळ्यात जास्त पटतो तो हाच, म्हणून यावर जरा थांबतो. टक्केवारी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. नगरसेवकाचा भाऊ, मेहुणा किंवा कार्यकर्ता ठेकेदार असतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण एखाद्या कामाचं बिल कोणकोणत्या हातांतून जातं ते बघा. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करतो. तांत्रिक मान्यता वरून येते. ई-निविदा निघते, कार्यादेश दिला जातो. काम झालं की त्याची मापं मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे एमबी म्हणतात, नोंदवली जातात. गटाराची लांबी किती, काँक्रीटची जाडी किती, हे तिथे अभियंता लिहितो. मग देयक लेखा विभागात जातं, लेखापाल तपासतो आणि मुख्याधिकारी, म्हणजे नगरपरिषदेच्या प्रशासनाचे प्रमुख असलेले सरकारी अधिकारी, ते मंजूर करतात. या साखळीत नगरसेवकाची सही कुठेच नाही. सहा इंच काँक्रीट एमबीत लिहिलं आणि रस्त्यावर चारच इंच पडलं, तर ते अधिकाऱ्याच्या सहीशिवाय होऊच शकत नाही. नगरसेवक काढून टाकले म्हणजे सही करणारा हात गेला नाही. त्या हाताकडे बघणारे डोळे गेले.

सभागृहात सगळे नगरसेवक सज्जन नसतात. पण ते एका पक्षाचे नसतात, एका वॉर्डाचे नसतात, आणि एकमेकांचं बरं चाललेलं त्यांना बघवत नाही. समोरच्या प्रभागातला रस्ता तीन महिन्यांत उखडला की विरोधी बाकावरचा नगरसेवक फोटो घेऊन सभेत उभा राहतो. त्याचा हेतू शुद्ध असेलच असं नाही. तरी त्याचा प्रश्न इतिवृत्तात नोंदला जातो, वार्ताहर तो छापतो आणि मुख्याधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. ठराव बेकायदा वाटला तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि तशा तक्रारी बहुतेक वेळा सभागृहात हरलेल्या बाजूकडूनच जातात.

प्रशासकाच्या काळात काय होत होतं? अनेक गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. विभागाची टिपणी त्यांच्याकडे जायची, तिच्याखाली मुख्याधिकारी म्हणून त्यांची सही व्हायची. मग तोच विषय प्रशासकीय ठराव म्हणून मंजूर व्हायचा आणि त्याखाली प्रशासक म्हणून पुन्हा त्यांचीच सही. मागणारा तो, देणारा तो. ठरावाला सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोध नोंदवणारं कुणी नाही. अधिकारी सज्जन असेल तर कारभार चांगला झाला असेल, आणि असे अधिकारी होतेही. पण तो सज्जन आहे की नाही हे नागरिकाला कळायची सोयच नव्हती. टक्केवारी थांबली असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ती मोजली कशी?

ठराव कागदी असतात, या मुद्द्यावर मला महाडची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण महाड हे कोकणातलं लहानच गाव होतं आणि तिथली नगरपालिकाही लहानच. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो खरोखरच कागदावर राहिला. सवर्णांच्या धाकामुळे तळ्यावर जाण्याची कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या बाजूला माणुसकीचा हक्क होताच, शिवाय त्या गावच्या नगरपालिकेचा ठराव होता. पुढे काय झालं तेही तितकंच बोलकं आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

यात नगरपालिकेचं शौर्य आहे तसं तिचं शेपूट घालणंही आहे, आणि मी दोन्ही सांगतो आहे. पण ठराव हा नुसता कागद असता तर तो रद्द करायला विरोधकांना सभा बोलवावी लागली नसती. ठरावाच्या जोरावर माणसं हक्क सांगू शकतात, म्हणूनच तो कुणाला तरी खुपतो. आजही शहराच्या विकास आराखड्यात शाळेसाठी किंवा क्रीडांगणासाठी आरक्षित असलेली जागा निवासी करून घ्यायची तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव लागतो आणि तो सभेच्या विषयपत्रिकेवर यावा लागतो. विषयपत्रिका नगरसेवकांच्या घरी पोचली की गावात कुजबुज सुरू होते, कुणाची जागा, कुणासाठी. तो विषय एकाच टेबलावर मंजूर होत असेल तर जाहिरात निघून हरकतींची मुदत सुरू होईपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही.

ठराव पाहायचा कसा, हे माहीत नसल्यामुळेही तो पोकळ वाटतो. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे हा सहसा पहिला विषय असतो आणि तिथेच पुष्कळ काही दडलेलं असतं, कारण सभेत जे बोललं गेलं ते लिहिताना बदललेलं असू शकतं. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय येतात. जे विषय आधी कळू द्यायचे नसतात ते तिथे घुसवले जातात, हा जुना आजार आहे. या दोन ठिकाणी लक्ष ठेवणारा एक जरी नगरसेवक असला तरी फरक पडतो.

नगरसेवक अडाणी असतात आणि नगरसेविकांचे नवरे कारभार करतात, हा पुढचा मुद्दा. शिक्षणाचं म्हणाल तर नगरसेवकाने अंदाजपत्रक तयार करायचं नसतं. त्याने प्रश्न विचारायचा असतो. कोणत्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं हे सांगायला पदवी लागत नाही, आणि दोन गावांचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या, बदलीची वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नसतं. नवरेशाही मात्र खरी आहे आणि संतापजनक आहे. पण सभागृहात बसायचा आणि मत द्यायचा अधिकार त्या बाईचाच आहे, नवऱ्याला तिथे खुर्ची नाही. राज्यात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा आहेत. पहिल्या सभेला गप्प बसलेल्या बाया पाचव्या-सहाव्या सभेला बाजारातल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहावरून मुख्याधिकाऱ्यांना घाम फोडतात. सभाच झाल्या नाहीत तर हे शिकायचं कुठे? नवऱ्यांना बाहेर बसवा अशी मागणी करा, मी सही करतो. बाईंचीच खुर्ची काढून घेणं हा त्यावरचा उपाय नाही.

खर्चाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. नगरसेवकाला पगार नसतो, सभेचा भत्ता असतो आणि तो मामुली असतो. निवडणुकीचा सरकारी खर्च पाच वर्षांतून एकदा होतो. उमेदवार जो बेहिशेबी पैसा वाटतात तो मात्र भयंकर आहे, पण तो पैसा घेणारे आणि देणारे दोघेही गावातलेच असतात. प्रशासक नेमून ती सवय जाणार नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, कायम प्रशासक. तो देता येत नाही. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदेची मुदत पाच वर्षं ठरवली आहे. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, आणि परिषद मध्येच विसर्जित झाली तर सहा महिन्यांच्या आत, असं अनुच्छेद २४३ यू सांगतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात हीच गोष्ट बजावली होती. तरीही आपल्याकडे चार वर्षं गेली. संतापायचं असेल तर या चार वर्षांवर संतापा. आणि नव्या नगरसेवकांवर भरवसा नसेल तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे पुढच्या सभेची विषयपत्रिका मागा, सभा झाली की इतिवृत्ताची नक्कल मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज नगरपरिषदेत द्या. त्या इतिवृत्तात तुमच्या गल्लीचं नाव नसेल तर भांडायला समोर निदान एक माणूस आहे, आणि त्याला पाच वर्षांनी पुन्हा तुमच्या दारात यायचं आहे.