प्रतिवादी क्रमांक सात

गावात प्रिंटर घेऊ नये, आणि घेतलाच तर तो रात्री आणावा. मुंबईची नोकरी संपवून मी सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीत राहायला आलो, तेव्हा माझा प्रिंटर भर दुपारी टेम्पोतून उतरला आणि तो पोस्टमनने पाहिला. झालं. कलमांची राखण, काजूची वेचणी वगैरे कामं तेव्हापासून मागे पडली. सकाळी चहाचा कप तोंडाला लावावा तर पडवीत कोणीतरी मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसलेलंच असतं. पिशवीच्या आत दुसरी पिशवी, तिच्या आत रबरबँड लावलेला गठ्ठा, आणि गठ्ठ्यात आधार, रेशनकार्ड, पासबुक, घरपट्टीची पावती, गॅसचं पुस्तक आणि कुठल्याशा देवळाचा अंगारा.

२०२५च्या पावसाळ्यात या पिशव्या एकाएकी वाढल्या. कारण बिहार. एरवी बिहारचा आणि आमच्या वाडीचा संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरता. पण तिथे मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, चालतील अशा अकरा कागदांची यादी निघाली, आणि त्या यादीत आधार नाही, रेशनकार्ड नाही, खुद्द निवडणूक आयोगाने दिलेलं मतदार ओळखपत्रही नाही, हे कळल्यावर स्टॉपवरच्या हॉटेलात भजी थंड झाली. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली ती सुमारे ६५ लाख नावं वगळूनच. आयोग म्हणाला, ही मयत, स्थलांतरित आणि दुबार नावं. विरोधक म्हणाले, यात जिवंत माणसंही आहेत. पुढे ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आधार हा बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितला, तोही ओळखीपुरता, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे. पण एवढे बारकावे हॉटेलाच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकत नाहीत. वाडीत बातमी आली ती एवढीच, की ज्याचे कागद जुळत नाहीत त्याचं नाव कापतात.

दुसऱ्या दिवशी पडवीत आत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. वरच्या वाडीतून खालच्या वाडीत दिलेली, त्यामुळे सगळा गावच तिला आत्या म्हणतो, सासरचेसुद्धा. तिला गावात ओळख दाखवावी लागण्याचा प्रसंग आजवर आलेला नाही. उलट तिनेच एखाद्याला "तू खयचो रे?" विचारलं की त्याने आजोबांपासून सुरुवात करावी, असा रिवाज. तिची पिशवी मी जमिनीवर उलटी केली आणि तिच्यातून निदान तीन बायका बाहेर पडल्या.

पहिली शेवंती. जीर्ण शाळेच्या दाखल्यावरची, इयत्ता तिसरी पास. दुसरी सुहासिनी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं हे नाव आधारवर, रेशनकार्डावर आणि बँकेत आहे. तिसरी सुवासिनी, मतदार ओळखपत्रावरची. कुठल्यातरी संगणकाने हचा व केला. आत्याने ते कार्ड माझ्यापुढे धरलं. "माझो घोव जावन किती वर्षा झाली, आणि ह्यांका आता माका सुवासिनी करूचा सुचला?"

तारखांची तीच कथा. आत्याचा जन्म १७ जुलै १९४७चा, यात तिळमात्र शंका नाही. त्या दिवशी गटारी अमावास्या होती आणि रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. कोकणात याहून पक्का जन्मदाखला कोणता? पण शाळेच्या दाखल्यावर १ जून, कारण शाळा जूनमध्ये उघडत आणि जुन्या गुरुजींनी आख्खे वर्गच्या वर्ग १ जूनला जन्माला घातले. आधारवर १ जानेवारी १९५०. म्हणजे शाळेत गेलेले जूनचे आणि न गेलेले जानेवारीचे, अशी आमच्याकडे म्हाताऱ्यांची ढोबळ विभागणी आहे, आत्या दोन्हीकडे. एसटीने २०२२च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला तेव्हा आत्या खरी पंचाहत्तरीची होती, आधारच्या हिशेबाने बहात्तर. दोन वर्षांहून जास्त काळ ती प्रत्येक कंडक्टरला रामदास बोट बुडवून दाखवायची आणि अर्धं तिकीट काढायची.

ओळखपत्र मागूच नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी १९९३ साली फोटोचं कार्ड आणलं त्याच्या आधीचं मतदान मी पाहिलंय. मुंबईला गिरणीत असलेला चाकरमानी गणपतीला गावी आला की त्याला कळायचं, आपण मागच्या निवडणुकीत मत दिलं आणि तेही सकाळी आठालाच. असले परोपकार थांबले ते बरंच झालं. शिवाय मतदान केंद्रावर नियम तसा दिलदार आहे. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनचा कागद असं बरंच काही चालतं. कार्डावरच्या बारीकसारीक चुकांकडे काणाडोळा करा, माणूस पटला की झालं, असंही आयोगच सांगतो. अडचण तिथे नाहीच. अडचण यादीत आहे. यादीत नाव आणि कार्ड नाही, तर डझनभर वाटा. हातात कार्ड आणि यादीत नाव नाही, तर घरी जाऊन भात टाका.

यादी ही काय चीज आहे ते आमच्या राजाराम सीतारामांना विचारा. दोघांनाही विचारा. आजोबांचं नाव राजाराम, त्यांच्या वडिलांचं सीताराम. राजारामांनी मुलाला आपल्या वडिलांचं नाव ठेवलं आणि त्या मुलाने आपल्या मुलाला आपल्या वडिलांचं. त्यामुळे आजोबा राजाराम सीताराम, नातू राजाराम सीताराम, आडनाव एक, घर नंबर एक. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायचं ठरवलं, तेव्हा या घरावर चार तारे उगवले. नातू एकवीस वर्षांचा, कबड्डी खेळणारा. आजोबा काठी घेऊन. आम्ही दोघेच आहोत, एक नाही, असं त्यांनी शेजारी शेजारी उभं राहून दाखवून दिलं. खरे दुबार मात्र निवांत. एक नाव नालासोपाऱ्यात आणि एक गावात ठेवणारे आमचे काही चाकरमानी दोन्हीकडे स्पेलिंग वेगळं ठेवून आहेत. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी हवं आणि खोटं लिहून दिलं तर वर्षभर कैद होऊ शकते, हे मी एकाला सांगितलं. तो म्हणाला, गावचं नाव कसं काढणार, देवाचं कार्य असतं.

तर आत्याची दुरुस्ती. अर्ज नमुना आठ. घरबसल्या मोबाइलवर भरता येतो. आमच्या घरात बसल्या नव्हे, कारण घरात रेंज नाही. त्यासाठी सड्यावरच्या मोठ्या कातळावर, तोंड समुद्राकडे करून उभं राहावं लागतं. मी उभा राहिलो. सगळं भरलं. शेवटी ओटीपी. तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि आत्याच्या आधारला तिच्या मुलाचा जुना, केव्हाच बंद पडलेला नंबर. नंबर बदलायचा तर तालुक्याला आधार केंद्रात जायचं, तिथे अंगठा द्यायचा.

आत्याने अंगठा दिला. यंत्र म्हणालं, नाही. तर्जनी दिली. नाही. एकेक करत दहाही बोटं झाली. केंद्रातला मुलगा बिचारा भला होता, त्याने ओला रुमाल आणला, बोटं पुसली, यंत्रावर दाबून धरली. आत्याचा हात पहिल्यांदाच मी इतक्या जवळून पाहिला. काजूच्या टरफलात एक जहाल तेल असतं. काजू भाजून फोडताना ते बोटांना लागतं आणि कातडी सोलून काढतं; कितीही राख लावा, चुन्याने घासा. पुन्हा नवी कातडी, पुन्हा हंगाम. टोकं काळपट, गुळगुळीत, कडेला चिरा. त्यांच्यावर एक रेघ उरलेली नव्हती.

"बोटांका काय झाला? ही बग, दहाच्या दहा हत," आत्या म्हणाली.

"आजी, रेषा नाहीत."

"रेषा काजींनी खाल्ल्यानी. तू खातंस ना काजी?"

मग डोळे. एका डोळ्यात मोतीबिंदू. तोवर केंद्राचं नेटच गेलं, आणि उद्या या, असं ठरलं. उद्या म्हणजे पुन्हा पहाटेची एसटी आणि पुन्हा दिवस बुडाला. आत्याचं तिकीट आता फुकट आहे, पण तिच्यासोबत जो जाईल त्याची मजुरी कोणी देत नाही. कागद मागणाऱ्याच्या टेबलावर हा खर्च कधी दिसत नाही, त्यामुळे एक कागद आणखी मागायला त्याला काहीच वाटत नाही.

स्टँडवर एसटीची वाट बघत मी तिला मनोरंजनाखातर जगाच्या गोष्टी सांगितल्या. इंग्लंडमध्ये बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना २०२२ साली मतदानाला फोटो ओळखपत्र सक्तीचं करणारा कायदा झाला, आणि २ मे २०२४ला तेच ओळखपत्र घरी विसरून मतदानाला गेले. परत पाठवलं त्यांना. ओळखपत्र घेऊन आले तेव्हा मत देता आलं.

आत्या गंभीर झाली. "पंतप्रधान होतो ना तो? मगे त्येका वळखणारो कोण्णच नव्हतो थय?"

ओळखत सगळेच होते, पण नियम. मग मी टेक्सासची सांगितली. २०११च्या तिथल्या कायद्याने बंदुकीचा परवाना ओळख म्हणून चालतो, कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. हे तिला पटलं, पण उलट्या बाजूने. तिच्या दिराकडे माकडं-डुकरांपासून शेती राखायला परवान्याची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, आणि आचारसंहिता संपेपर्यंत रानडुक्कर येऊन उभं पीक लोळवून जातं. तिकडे बंदूक दाखवली की मत, इकडे मत हवं तर बंदूक ठेवून या. "आणि डुकरांका आचारसंहिता कोण लावतलो?" याचं उत्तर मला देता आलं नाही. एसटीही आली.

घरी आल्यावर मी हट्टाला पेटलो. शेवंती, सुहासिनी आणि सुवासिनी ही एकच बाई, असं सांगणारा एक तरी सरकारी शिक्क्याचा कागद जगात असेलच. लग्नाची नोंद नाही. त्या काळी नोंद म्हणजे भटजी आणि जेवलेली माणसं. गॅझेटात नाव छापायचं तर आधी जुन्या नावाचा पुरावा. आणि मग पिशवीच्या तळाशी, अंगाऱ्याच्या पुडीखाली, तो सापडला. दिवाणी कोर्टाचा समन्स. वरच्या घरच्या भाऊंनी सामायिक बांधावरच्या फणसाबद्दल दावा लावलाय, त्यातला. वाटणी न झालेल्या सातबारावर असतात तशी भलीमोठी प्रतिवाद्यांची यादी, आणि त्यात: "प्रतिवादी क्रमांक ७, सुहासिनी उर्फ सुवासिनी उर्फ माहेरची शेवंती, धंदा घरकाम व शेती." वय खरं. पत्ता खरा. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, वाडी, सगळं बिनचूक. राज्यात आणि केंद्रात एवढी खाती, पण माझ्या आत्याची शहानिशा केली ती फक्त तिच्या दुष्मनाने, स्वतःच्या खर्चाने, वकील लावून.

तो कागद कुठल्याच यादीत नव्हता, त्यामुळे कुठेच चालला नाही. शेवटी काम केलं ते आमच्या बीएलओने, म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणाऱ्या बाईने. ती अंगणवाडी सेविका. घरोघर फिरते आणि कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, कोण मुंबईला पळालं हे तिला आयोगाच्या आधी कळतं. तिने ओट्यावर बसून कागदी नमुना आठ भरला, आत्याची सही घेतली, आधारची झेरॉक्स लावली आणि चहा पिऊन गेली. झेरॉक्स माझ्याच प्रिंटरची. काही आठवड्यांनी पोस्टाने नवं कार्ड आलं. सुवासिनी गेली. त्यावर आता सुहासीनी आहे, सीवर दीर्घ वेलांटी. मी काही बोललो नाही. आत्याला चष्म्याशिवाय ऱ्हस्वदीर्घ दिसत नाही आणि चष्मा मी लपवला.

मतदानाच्या दिवशी तिने पिशवीच सोबत नेली. केंद्राध्यक्ष घाटावरचे, गावात नवे. त्यांनी नवं कार्ड पाहिलं, यादी पाहिली. छापील यादीत अजून सुवासिनीच होती. दुरुस्ती पुरवणीत कुठेतरी असणार, पण ती काढेपर्यंत मागे रांग वाढली. त्यांनी आत्याच्या फोटोकडे पाहिलं. तो फोटो पाहून आत्याने स्वतःलाही ओळखलं नसतं.

"या बाईंना कोणी ओळखतं का?" त्यांनी प्रतिनिधींच्या बाकाकडे पाहून विचारलं.

बाकावर वरच्या घरचे भाऊ, एका पक्षाचे प्रतिनिधी. दाव्यातले वादी. फणसाच्या प्रकरणानंतर दोघांत शब्द नाही. लोकसभा-विधानसभेच्या नियमांत दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेण्याची सोय आहे, हे भाऊंनीच मला एकदा उत्साहाने सांगितलं होतं. माझ्या पोटात गोळा आला.

भाऊ उठले. चष्मा कपाळावर ढकलला आणि आत्याकडे असं पाहिलं की कोर्टात ओळखपरेड चालू असावी.

"हीच ती," ते म्हणाले. "सुहासिनी उर्फ सुवासिनी. माझ्या फणसाचे गरे खाता आणि वर माकाच शिव्यो घालता. हिका नाय वळखलंय तर कोणाक वळखतलंय?"

केंद्राध्यक्षांनी मान डोलावली. शाई लावणाऱ्याने आत्याचं बोट धरलं, कसली रेघ नाही म्हणून क्षणभर थबकला आणि शाई लावली. आत्या मत देऊन आली, दारापाशी थांबली आणि सगळ्या केंद्राला ऐकू जाईल अशा आवाजात केंद्राध्यक्षांना म्हणाली, "सायबानु, फणस माझो हा. ता पण लिवन घेवा."