अल्सर म्हणजे नुसतं ‘पित्त वाढलं’ नव्हे

सध्या सांगलीत ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज फिरतोय. ‘अल्सर तिखट आणि चहामुळेच होतो. पोटातल्या ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही, अँटिबायोटिक म्हणजे लूट. रोज पित्ताची गोळी आणि हळदीचं पाणी घ्या.’ माझं विश्रामबागेत औषधाचं दुकान आहे. हा मेसेज दाखवून अर्धा राहिलेला कोर्स परत घ्या म्हणणारे एक काका परवा आले, म्हणून हे लिहितोय.

जंतू जगतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी त्याचं नाव. तो युरियापासून अमोनिया तयार करतो, त्यामुळे त्याच्या अवतीभवतीचं ॲसिड मारलं जातं आणि तेवढ्या आडोशाने तो जठराच्या चिकट थरात वर्षानुवर्षं मुक्काम करतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो वाढवून दाखवला. या जंतूमुळे अल्सर होतो हे तेव्हा डॉक्टरांनाही पटेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

आता ॲसिड. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेल्या बऱ्याच पेशंटांत ते खरंच जास्त असतं, म्हणून पित्ताची गोळी सांगणारा मेसेज इथे अर्धा बरोबर आहे. पण वाढवतं कोण? जंतूमुळे जठराच्या खालच्या भागाला सूज आली की तिथलं सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक कमी होतं. ॲसिडचा लगाम तोच. तो सैल पडला की ॲसिड सोडायला लावणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि वरच्या भागातल्या पेशी गरजेपेक्षा जास्त ॲसिड सोडतात. ते आतड्यात उतरून जखम करतं. जंतू गेला की गॅस्ट्रिनही खाली येतं.

काहींत मात्र सूज जठराच्या वरच्या, मोठ्या भागात पसरते. तिथे ॲसिड बनवणाऱ्या पेशीच झिजतात, ॲसिड कमी होतं, आणि तरी जठरात अल्सर होतो, कारण अस्तरच दुबळं झालेलं असतं. जठराच्या कॅन्सरचा धोका याच लोकांना जास्त. म्हणून ‘मला जळजळ नाही, म्हणजे काही नाही’ हे मला सगळ्यात घातक वाटतं.

तिखट जखमेला झोंबतं, पण मिसळीने अल्सर होत नाही. दुसरं मोठं कारण अंगदुखीच्या गोळ्या, त्या मात्र लोक न विचारता घेतात. हळदीने हा जंतू मुळापासून जातो असं सिद्ध झालेलं नाही, ती आपल्या सांगलीची असली तरी.

नुसत्या पित्ताच्या गोळीने जखम भरते, पण जंतू तसाच राहिला तर अल्सर पुन्हा होऊ शकतो. कोर्समध्ये ती गोळी असतेच, कारण ॲसिड कमी असलं की अँटिबायोटिक चांगलं चालतं. कोर्स बहुतेकदा १४ दिवसांचा असतो. मध्येच सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करायची. त्याआधी पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून २ आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर मेसेज वाचत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, सांगली-मिरजेत जे हॉस्पिटल जवळ असेल ते गाठा.