कांदाभजीचा परतावा

18.4 टक्के. मी घेणार असलेल्या शेतजमिनीचा दहा वर्षांचा आयआरआर, म्हणजे वार्षिक परताव्याचा दर, चांगल्या कागदावर रंगीत छापलेला. काल तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर आप्पांनी त्याच कागदावर कांदाभजी ओतून घेतली. माझा राग अजून गेलेला नाही.

आप्पा अर्ज लिहून देतात. दुय्यम निबंधकाच्या दारात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी सातबारा घेतला. क्षेत्र बघितलं नाही, भाव विचारला नाही. तेलकट बोट थेट ‘इतर हक्क’च्या रकान्यावर.

“साहेब, बहिणी किती?”

“एकच. नाशिकला असते.”

“तुमच्या नाही हो! जमीनमालकाच्या.”

मी केलेल्या 45 हजारांच्या गुंतवणुकीच्या कोर्सात रोख प्रवाह होता, जोखीम होती, सतरा सूत्रं होती. मालकाच्या बहिणी नव्हत्या. इथे तिघी, वारस म्हणून इतर हक्कात ठाण मांडून.

“बहिणींनी हिस्सा सोडलाय, हक्कसोडपत्र झालंय म्हणतो मालक.”

“नोटरीकडं ना? मग त्यात उरलेली भजी बांधा. दस्त नोंदवलेला पाहिजे, त्यावरून फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद पाहिजे, तीही मंजूर झालेली. आणि धाकटीचा नवरा वकील नाही ना, ते बघा.”

खालच्या ओळीत ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन, विकायला बंधन. एक्सेलमध्ये मी याला ‘किरकोळ’ धरलं होतं. रक्कम खरंच किरकोळ आहे: कुळाच्या खरेदीला 10 वर्षं झाली असतील, तर 2014 च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारला. आकार सव्वाचार रुपये, म्हणजे 170 रुपये! तेवढे भरायचे राहिले तर अख्खा व्यवहार लटकतो. हे वर्गात सांगायला काय झालं होतं?

पण अनुभवाच्या शाळेचेही फार लाड नकोत. “मोजणी कशाला? बांध दिसतोय की,” आप्पा म्हणे. बांध दर नांगरटीला वीतभर सरकतो! वर, “गुंठा काय नि आर काय, एकच.” एकच कसं? गुंठा 101.17 चौरस मीटर, आर 100. चाळीस गुंठ्यांचे पैसे घेऊन चाळीस आर दिले की 47 चौरस मीटर गेले. पाचशे चौरस फूट! शहरात तेवढ्यात संसार उभे राहतात. आप्पांना हे मांडून दाखवलं.

“एवढं कोण मोजतं?” म्हणाले, आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. “बरं, तुमचा स्वतःचा सातबारा कुठाय?”

“माझा?”

“शेतजमीन घेताय ना? शेतकरी असल्याचा दाखला लागतो.”

मी कोर्सच्या प्रमाणपत्राचं नाव सांगितलं. आप्पांनी आणखी एक प्लेट मागवली, माझ्या खात्यावर.