रॅम्प आहे, पण चढायचा कसा?

आमच्या लातुरात आक्काला व्हीलचेअरवर घेऊन कुठंही गेलं की लोक धावून येतात. "धरा रे, उचला रे" म्हणत चार जण तिला खुर्चीसकट पायऱ्यांवरून वर नेतात. त्यांची माया खरी आहे. पण शिकलेली, कमावती बाई परक्या माणसांच्या हातात अधांतरी असते, तेव्हा ती पदर किती घट्ट धरून बसते ते मी जवळून बघते. तिला मदत नको असते, वाट हवी असते.

मध्यंतरी एका कार्यालयात दाखल्यासाठी गेलो. तिथं रॅम्प होता! पायऱ्या तीन, उंची दीड फूट. नियमानं एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे इथं अठरा फूट हवी. बांधलाय जेमतेम पाच फुटांचा. त्यावर गुळगुळीत फरशी, धरायला कठडा नाही, पायथ्याशी मोटारसायकली. मी मागून जोर लावला तर पुढची चाकं हवेत उचलली. आक्का ओरडली, "थांब गं, मागं पडते मी!" शेवटी परत तेच, चार जण आणि धरा-उचला. कागदावर मात्र त्या इमारतीत रॅम्प आहे.

बाजाराचं तर विचारूच नका. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण दुकानापुढची नाली, तिच्यावरचा हलता ढापा आणि वर ओटा. आक्का साडी घेते ती रस्त्यावर बसून, दुकानदार बाहेर आणून दाखवतो त्यातली.

कायदा नाही असं नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 2017 च्या जूनमध्ये त्याचे नियम आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली. ती 2022 लाच संपली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की सुगमतेचे किमान निकष सक्तीचेच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत.

याच कायद्यात कलम 44 आहे. नियमाप्रमाणे सुगम नसलेल्या इमारतीला बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला देताच येत नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक महापालिकेनं, नगरपालिकेनं हे एवढं एक कलम पाळावं. सही करण्याआधी साहेबांनी जागेवर जाऊन टेप लावावा, लांबी-उंची मोजावी, आणि सोबत व्हीलचेअर वापरणारं माणूस न्यावं. त्याला कुणी हात न लावता वर जाता आलं, तरच दाखला द्यावा.