‘शून्य टक्के म्हणाले आणि तीन टक्के कापले’ : आपल्या अभिप्रायास सल्ला केंद्राचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या कर्जनियोजन सल्ला केंद्राला एकच तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला, आणि आपल्या भेटीची टिपणे व तेव्हा आपल्याला दिलेला हिशेबाचा कागद समोर ठेवून हे उत्तर लिहीत आहे. आपल्या तक्रारी चार आहेत. क्रेडिट कार्डाची बाकी नव्या कार्डावर वर्ग केल्यास ‘शून्य टक्के’ व्याज लागेल असे सांगितले, प्रत्यक्षात पहिल्याच स्टेटमेंटमध्ये तीन टक्के शुल्क लागले. नव्या कार्डावरील रोजच्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज आकारले गेले. बाकी हलवूनही जुन्या कार्डाचे बिल आले आणि तेही विलंब शुल्कासह. आणि हा सारा सल्ला आम्ही बँकेच्या कमिशनसाठी दिला. दुसऱ्या तक्रारीत दोष आमचा आहे, पहिलीत काही अंशी आमचा आहे, तिसरीबाबत मी आपल्याशी सहमत नाही.

चौथीचे उत्तर एका वाक्यात देता येते. आम्ही कोणत्याही बँकेकडून वा कार्ड कंपनीकडून कमिशन घेत नाही, आपण भरलेले सल्लाशुल्क हेच आमचे उत्पन्न आहे आणि पहिल्या भेटीत आपण सही केलेल्या पत्रकावर तसे लिहिलेले आहे.

आता शुल्काविषयी. आपल्या खात्यातील आकडे आपण स्वतः लिहिले असले, तरी मी ते इथे पुन्हा मांडणार नाही. ते आपले खासगी व्यवहार आहेत. हिशेबासाठी 1,00,000 ही गोल बाकी घेतो आणि जुन्या कार्डाचा व्याजदर दरमहा 2 टक्के धरतो. बॅलन्स ट्रान्सफरमध्ये घडते ते एवढेच, की नवे कार्ड देणारी बँक आपली जुनी बाकी फेडते आणि तेवढेच देणे आपल्या नावावर नव्या कार्डावर लिहिते. कर्ज कमी होत नाही, फक्त त्याची जागा आणि काही काळापुरता त्याचा दर बदलतो. या सोयीबद्दल बँक एकदाच शुल्क घेते, बहुधा वर्ग केलेल्या रकमेच्या 3 ते 5 टक्के, आणि ते वेगळे मागत नाही तर बाकीतच मिळवते. म्हणून पहिल्या स्टेटमेंटवर 1,00,000 ऐवजी 1,03,000 दिसतात. आपल्याला जो धक्का बसला तो या मिळवणुकीचा होता.

हे शुल्क म्हणजे माझ्या मते आगाऊ वसूल केलेले व्याजच होय. ‘शून्य टक्के व्याज’ हे शब्द कायद्याच्या भाषेत खरे असतील, पण त्यातून ‘फुकट’ असा अर्थ ज्याच्या मनात येतो त्याला मी दोष देत नाही. 3,000 शुल्क भरून बारा समान हप्त्यांत देणे फेडले, तर त्या शुल्काची तुलना वर्षाला साधारण साडेपाच टक्के दराच्या कर्जाशी करता येते. तीच सवलत सहा महिन्यांची असेल, तर तेच 3,000 वर्षाला सुमारे 10 टक्क्यांच्या घरात जातात, कारण पैसे वापरायला मिळालेला काळ निम्मा झालेला असतो. आणि ज्याला जुनी बाकी दोनच समान हप्त्यांत फेडता येणार आहे, त्याला जुन्या कार्डावरच एकूण 3,010 च्या आसपास व्याज पडते. म्हणजे त्याने बाकी वर्ग करण्यात काहीच मिळवलेले नसते, उलट नव्या कार्डाच्या अर्जामुळे पत अहवालात, म्हणजे कर्ज आणि परतफेडीच्या नोंदींच्या अहवालात, बँकेने केलेल्या एका चौकशीची नोंद मात्र वाढते. अशा ग्राहकांना आम्ही बाकी हलवू नका असेच सांगतो.

आपली परिस्थिती दोन महिन्यांत फेडण्याची नव्हती, म्हणून सल्ला वेगळा होता, आणि तो त्या हिशेबापुरता आजही बरोबर आहे असे मला वाटते. वरच्या उदाहरणात 1,03,000 चे बारा भाग केले तर हप्ता सुमारे 8,583 येतो आणि वर्षाअखेर देणे संपते. हाच हप्ता, एकही न चुकवता, जुन्या कार्डावर भरत राहिले असते, तर वर्षाअखेर तिथे अजून सुमारे 11,700 बाकी राहिली असती. हा फरक शुल्क धरून आहे. त्यामुळे शुल्कामुळे आपले नुकसान झाले, हे म्हणणे मला मान्य करता येत नाही.

तरीही आमच्या कागदावर चूक होती, आणि ती मी लपवणार नाही. ‘0 टक्के’ हा आकडा पहिल्या पानावर ठळक होता, शुल्काची ओळ मागच्या पानावर तक्त्याखाली होती. आपण ती वाचली नाही असे आमच्या सहकाऱ्याने आपल्याला फोनवर सांगितले, हे आपण अभिप्रायात लिहिले आहे. ते उत्तर उद्धट होते आणि त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. जी गोष्ट वाचली गेली नाही तर माणसाचा हिशेब चुकतो, ती मागच्या पानावर ठेवायची नसते. बँकांच्या जाहिरातींविषयी आम्ही जे बोलतो ते आमच्याच कागदाला लागू पडले. आता आमच्या पत्रकाच्या पहिल्या ओळीतच शुल्कासह होणारी एकूण बाकी लिहिलेली असते, टक्केवारी त्यानंतर येते.

आपले खरे नुकसान झाले ते दुसऱ्या तक्रारीत, आणि आश्चर्य म्हणजे आपण तिला अभिप्रायात एकच ओळ दिली आहे. सर्वसाधारणपणे कार्डाचे पूर्ण बिल देय तारखेच्या आत भरणाऱ्याला खरेदीवर व्याज पडत नाही. मधल्या दिवसांना व्याजमुक्त कालावधी म्हणतात. ही सवलत पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी असते. नव्या कार्डावर वर्ग केलेली मोठी बाकी उभी असताना पूर्ण बिल भरले जाणे शक्यच नसते, म्हणून अनेक करारांत हा कालावधी आपोआप नाहीसा होतो आणि प्रत्येक खरेदीवर, ती ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून, कार्डाच्या नेहमीच्या दराने व्याज सुरू होते. शून्य टक्के हा दर वर्ग केलेल्या रकमेचा असतो, कार्डाचा नसतो. खरेदीलाही तीच सवलत हवी असेल, तर करारात तसे स्वतंत्रपणे लिहिलेले असावे लागते. आपल्या करारात ते नव्हते.

याच्या पुढची गुंतागुंत अधिक महाग पडते. आपण भरलेला हप्ता बँक कोणत्या देण्याकडे आधी वळवते, याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. काही ठिकाणी किमान देय रकमेच्या वर भरलेला पैसा आधी जास्त दराच्या देण्याकडे जावा असा नियम आहे, तर काही करारांत तो आधी कमी दराच्या, म्हणजे शून्य टक्क्याच्या बाकीकडे जातो. दुसऱ्या प्रकारात खरेदीचे देणे तळाशी अडकून राहते. वरच्याच उदाहरणात नव्या कार्डाचा नेहमीचा दरही दरमहा 2 टक्के धरला, पहिले तीन महिने दरमहा 10,000 ची खरेदी झाली आणि हप्त्यांचा पैसा वर्ग केलेल्या बाकीकडेच जात राहिला, तर उरलेल्या नऊ महिन्यांत 30,000 वर दरमहा 600 प्रमाणे 5,400 व्याज होते, आणि त्यावरची चक्रवाढ वेगळी. ज्या 3,000 च्या शुल्कावरून आपण आमच्यावर रागावला आहात, त्याच्या पावणेदोन पटींहून अधिक रक्कम अशा रीतीने कुणाच्या लक्षातही न येता जाते.

ही गोष्ट आम्ही आपल्याला समजावून सांगितली नव्हती. टिपणांत ‘नवे कार्ड जपून वापरावे’ एवढेच वाक्य आहे, आणि ‘जपून’ या शब्दातून ‘अजिबात नको’ असा अर्थ निघत नाही. नवे कार्ड मिळाल्यावर माणूस ते वापरतो, त्यात वावगे काही नाही. त्याला थांबवण्याचे काम आमचे होते. म्हणून आपण भरलेले संपूर्ण सल्लाशुल्क आम्ही परत करत आहोत, आणि त्यासाठी हा अभिप्राय काढावा अथवा बदलावा अशी कोणतीही अट नाही.

तिसऱ्या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. बाकी वर्ग झाल्यानंतरही जुन्या कार्डावर छोटी रक्कम दिसली, ती बँकेची चूक नव्हती आणि आमचीही नव्हती. व्याज दिवसाच्या हिशेबाने चढते. शेवटचे स्टेटमेंट निघाल्याच्या दिवसापासून नव्या बँकेचे पैसे पोहोचण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज त्या स्टेटमेंटमध्ये नसते, ते पुढच्या बिलात येते. विलंब शुल्काची गोष्ट मात्र निराळी आहे. रक्कम वर्ग होण्यास काही दिवसांपासून काही आठवडेही लागू शकतात, आणि तोवर जुन्या कार्डाची देय तारीख आली तर किमान रक्कम भरावीच लागते, हे आपल्याला फोनवर सांगून नंतर लेखी संदेशानेही कळवले होते. तो संदेश आपण उघडल्याची नोंद आमच्याकडे आहे. त्यामुळे या विलंब शुल्काची जबाबदारी मी स्वीकारत नाही, जरी जुन्या बँकेकडे ते माफ करण्याची विनंती कशी करावी याचा मसुदा आपल्याला हवा असल्यास आम्ही आनंदाने देऊ. पहिल्याच चुकीच्या वेळी अशी विनंती पुष्कळदा मान्य होते.

अभिप्रायाच्या शेवटी आपण लिहिले आहे, की सवलतीचे चार महिने उरले असून आता आपण ही बाकी तिसऱ्या कार्डावर हलवणार आहात. कृपया हा निर्णय घेण्यापूर्वी थांबावे. दुसऱ्यांदा बाकी वर्ग करताना शुल्क पुन्हा लागते, आणि ते आधीचे शुल्क व खरेदीवरचे व्याज मिळवून फुगलेल्या रकमेवर लागते. शिवाय नव्या कार्डाची मर्यादा शुल्कासह पुरावी लागते. 1,00,000 मर्यादेच्या कार्डावर 3 टक्के शुल्क धरून 97,000 च्या थोडीच वरची रक्कम मावते, आणि काही बँका तर पूर्ण मर्यादा वापरूच देत नाहीत. उरलेली रक्कम मागेच राहते आणि एकाऐवजी दोन देय तारखा सांभाळाव्या लागतात.

त्याऐवजी नव्या कार्डावरील खरेदी आजच पूर्ण थांबवावी आणि हप्त्याचा पैसा कोणत्या देण्याकडे वळतो हे बँकेकडून लेखी मागवावे. तो जास्त दराच्या देण्याकडे आधी जात असेल, तर किमान देय रकमेवर जेवढे अधिक भरता येईल तेवढे भरून खरेदीचे देणे प्रथम संपवावे. नंतर उरलेल्या बाकीचे उरलेल्या महिन्यांनी भाग करून तो हप्ता बँक खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना द्यावी, कारण एकही हप्ता चुकल्यास सवलतीचा दर रद्द करण्याचा हक्क अनेक करारांत बँकेने राखून ठेवलेला असतो. मुदत संपताना काही बाकी उरलीच, तर नेहमीचा दर त्या उरलेल्या रकमेवर आणि तिथून पुढेच लागतो. मागच्या महिन्यांचे व्याज एकदम अंगावर येईल, ही आपण व्यक्त केलेली भीती या प्रकारच्या सवलतीत सहसा खरी नसते. तशी आकारणी ‘व्याज पुढे ढकललेल्या’ खरेदी योजनांत होते, आणि तो करार वेगळा असतो.

मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट घेऊन आपण आलात, तर हा हिशेब मी स्वतः आपल्यासमोर बसून मांडेन. त्याचे शुल्क लागणार नाही. येताना करारपत्रही आणावे. सवलत संपण्याचा दिवस आणि त्या महिन्याच्या बिलाची देय तारीख पुष्कळदा एक नसते, आणि शेवटचा हप्ता यांपैकी कोणत्या तारखेच्या आत भरायचा ते करारपत्रातच पाहावे लागेल.

आपला नम्र,
केंद्रचालक