‘सवय’ या शब्दावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आता बीटी कपाशी खाऊनही का मरत नाही, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतले आहेत. त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही : ‘अळीला बीटीची सवय झाली असं लिहिणाऱ्या खेड्यातल्या मास्तरांमुळेच मुलं उत्क्रांती उलटी शिकतात.’

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. वारुळावर उगवणाऱ्या सात्यांना मी ओघात ‘वनस्पती’ म्हटलं, ते चुकलं. सात्या म्हणजे कवक. त्यांच्यात हरितद्रव्य नाही, त्या स्वतःचं अन्न तयार करत नाहीत. शास्त्रज्ञ व्हिटेकरने 1969 मध्ये सजीवांच्या पाच सृष्टींची मांडणी केली, तिच्यातही कवकांची सृष्टी वेगळीच आहे. ती ओळ मी दुरुस्त केली आहे.

आता ‘सवय’. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही कृषी केंद्राच्या ओट्यावर घटकाभर बसा. ‘अळीले आता औषधाची सवय झाली’ हे वाक्य कानावर येईलच. मी तिथून सुरुवात केली, कारण माझा वाचक तिथेच बसलेला आहे. पहिल्याच ओळीत ‘नैसर्गिक निवड’ लिहिलं तर तो पुढे वाचत नाही. तुम्ही मात्र ‘सवय’ दिसताच थांबलात. तिसऱ्या परिच्छेदात मी काय लिहिलं आहे ते पाहिलंही नाही, आणि मला लॅमार्कवादी, म्हणजे जगताना लागलेली सवय पुढच्या पिढीत उतरते असं मानणारा, ठरवून मोकळे झालात. 28 वर्षं मी दहावीच्या मुलांना जिराफाची मान आणि लॅमार्कचं कुठे चुकलं ते शिकवलं आहे. हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

2017 च्या हंगामात माझ्या स्वतःच्या चार एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी होती. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. नखाने फोडलं की आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्यात गुलाबी अळी. वेचणीला हाती आली ती कवडी, म्हणजे किडका, नीट न सुटलेला कापूस. त्यातली पाच-सहा बोंडं मी शाळेत नेऊन बाकावर फोडली. मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, ‘‘सर, आधी मरत होत्या, मग साऱ्याच अळ्या काहून नाही मेल्या?’’

त्या प्रश्नाचं जे उत्तर मी वर्गात दिलं, तेच लेखात आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, मातीतला एक जीवाणू. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या पेशींवर ठरावीक जागी चिकटतं, पेशींना भोकं पडतात, अळी मरते. एखाद्या अळीत ती जागाच जन्मतः बदललेली असते. तिथे प्रथिन नीट चिकटत नाही. हा बदल बीटी खाल्ल्याने होत नाही. हेच प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला आपल्याकडे 2002 मध्ये परवानगी मिळाली. शेतोशेती तीच कपाशी झाली, साध्या अळ्या मरत गेल्या, या उरल्या आणि पुढची पिढी यांचीच वाढली. एकाही अळीला सवय झाली नाही, अळ्यांची जमात बदलली. यात उलटं काय शिकवलं मी?

आणि हे गुलाबी अळीतच इतकं का झालं? हिरवी अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिच्यात बीटी न खाल्लेल्या साध्या अळ्या शिल्लक राहतात. गुलाबी अळी मुख्यतः कपाशीवरच. म्हणून तर बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीचं 120 ग्रॅमचं पाकीट यायचं. त्यावर साधे पतंग जगावेत, त्यांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा, म्हणजे पिल्लं बहुतेक पुन्हा बीटीला बळी पडतील, असा त्यामागचा हिशेब. आमच्या भागात ते पाकीट कित्येकांनी बांधावरच टाकून दिलं. मीही दोन वर्षं पेरलं नाही. वर फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी न उपटता, अळीला उन्हाळ्यापर्यंत पोसलं. ज्याने ती चूक स्वतःच्या शेतात केली आणि भोगली, त्याला तुम्ही निवड म्हणजे काय ते दोन ओळींत समजावता, तेही ‘खेड्यातले मास्तर’ म्हणून. आक्षेप घ्यायला माझी हरकत नव्हती. ‘सर, इथे सवयऐवजी निवड लिहा’ एवढं म्हटलं असतं तर मी आभार मानले असते.

अन्नसाखळी म्हणावं की अन्नजाळं, आणि नीलहरित शेवाळ हे शेवाळ की जीवाणू, या तुमच्या उरलेल्या दोन आक्षेपांवर मला वेळ घालवायचा नाही. लेखाचा विषय तो नव्हता.

‘सवय’ हा शब्द लेखात राहील. त्याच्यापुढे ‘असं आपण म्हणतो, पण’ एवढे शब्द आज घातले आहेत, ते तुमच्यासाठी नाहीत, त्या मागच्या बाकावरच्या पोरासाठी आहेत. पुन्हा लिहायचं असेल तर तिसरा परिच्छेद वाचून लिहा.