‘गुणाकार भागिले बेरीज’ तीन रोधांना का चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘विद्यार्थ्यांची दिशाभूल’ हे शब्द मनाला लागले, म्हणून उदाहरण पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवलं आणि मगच उत्तर लिहायला बसले.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेवटच्या उदाहरणात २, ३ आणि ६ ओहमचे रोध एका ओळीत होते, वरून दोन तारा जोडलेल्या होत्या आणि एकूण रोध १ ओहम असं मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन आहेत. आकृतीप्रमाणे परिपथ शॉर्टच होतो. समांतर धरला तरी सूत्राने ३.२७ ओहम येतात. आणि तुम्ही प्रत्यक्ष जोडून मोजलं तेव्हा मल्टिमीटरने १.४ दाखवले.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. दोन्ही तारा मी वरच्या बाजूने काढल्या, त्या एकमेकींना छेदतात, आणि तिथे जोड आहे की नाही हे आकृतीवरून कळतच नाही. जोड आहे असं धरलं तर सगळी टोकं एकाच तारेवर येतात आणि रोध शून्य होतो. तुम्ही तसंच वाचलंत, त्यात तुमची काही चूक नाही. आता एक तार वरून आणि दुसरी खालून काढून आकृती बदलली आहे.

बदललेली आकृती अशी: ओळीत क, ख, ग, घ हे चार बिंदू. क-ख मध्ये २ ओहम, ख-ग मध्ये ३, ग-घ मध्ये ६. एक तार क पासून ग ला, दुसरी ख पासून घ ला. मोजायचं क आणि घ यांच्यामध्ये. आता दोन रंगीत पेन्सिली घ्या. क ला लाल रंग द्या. ग त्याच तारेवर आहे, म्हणून तोही लाल. घ निळा, म्हणून ख पण निळा. आता एकेक रोध बघा: प्रत्येकाचं एक टोक लाल, दुसरं निळं. म्हणजे तिन्ही रोध त्याच दोन बिंदूंमध्ये आहेत आणि तिन्हींना विभवांतर एकच मिळतं. यालाच समांतर जोडणी म्हणतात. कागदावर ते एका ओळीत दिसतात याला काही अर्थ नाही. मधल्या ३ ओहममधून तर धारा उलट, ग कडून ख कडे जाते! परीक्षेत बहुतेक मुलं इथेच २ + ३ + ६ = ११ लिहून मोकळी होतात, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं होतं.

आता ३.२७. तुम्ही २ × ३ × ६ = ३६ काढले, खाली बेरीज ११ घेतली आणि भागाकार केला. ही चूक इतकी सर्रास होते की मूळ लेखातच तिच्यावर लिहायला हवं होतं. ‘गुणाकार भागिले बेरीज’ हे फक्त दोन रोधांचं सूत्र आहे. १/र१ + १/र२ यांचा छेद समान केला की वर बेरीज येते, खाली गुणाकार, आणि ते उलटं केलं की हे सूत्र मिळतं. तीन रोधांचा छेद समान करून पाहा, तिथे साधी बेरीज येतच नाही. दोन-दोनच्या जोडीने केलेल्या गुणाकारांची बेरीज येते: ६ + १८ + १२ = ३६. मग ३६ भागिले ३६, म्हणजे १.

सूत्रावर विश्वास ठेवू नका, पडताळून बघा. तुमच्याच रीतीने २०, ३० आणि ६० ओहम घ्या. गुणाकार ३६०००, बेरीज ११०, उत्तर सुमारे ३२७ ओहम. हेच तीन रोध एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले तरी ११० च होतात! प्रत्येक रोध दहापट केला आणि उत्तर शंभरपट झालं, म्हणजे जे मिळालं ते ओहममध्ये नाहीच, ओहमच्या वर्गात आहे. आणि मुळात ३.२७ हे २ पेक्षा मोठं आहे. २ ओहमची वाट आधीच उघडी असताना शेजारी आणखी दोन वाटा दिल्या तर धारा वाढेल, कमी कशी होईल? समांतर जोडणीचं उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षा कमीच यायला हवं.

सूत्राशिवायही करता येतं. क-घ मध्ये ६ व्होल्ट आहेत असं धरा. २ ओहममधून ३ अँपिअर, ३ मधून २, ६ मधून १. एकूण ६ अँपिअर. ६ व्होल्टला ६ अँपिअर, म्हणजे १ ओहम. मला स्वतःला ही रीत सगळ्यात आवडते, कारण यात पाठ करायला काहीच नाही.

मल्टिमीटरच्या १.४ बद्दल: तुम्ही मोजायची तसदी घेतलीत, याचा खरंच आनंद झाला. आता प्रोबची, म्हणजे मीटरच्या मोजायच्या तारांची, दोन टोकं नुसतीच एकमेकांना टेकवा. शून्य येणार नाही, ०.३-०.४ असं काहीतरी दिसेल. तो प्रोबच्या तारांचा आणि जोडांचा रोध आहे, तो वजा करा. सोनेरी पट्ट्याचे रोध असतील तर ५ टक्के इकडेतिकडे धरा, म्हणजे ०.९५ ते १.०५ मध्ये काहीही बरोबर.

शेवटी तुम्ही लिहिलं आहे की आता याच जोडणीला ६ व्होल्टची बॅटरी लावून धारा मोजणार. कृपया लावू नका. बॅटरीने ६ व्होल्ट टिकवले तर एकट्या २ ओहमच्या रोधात १८ वॅट उष्णता होईल, आणि नेहमीचे बारके रोध पाव वॅटचे असतात. ते जळतील, बोटही भाजेल. त्याऐवजी २ आणि ३ किलोओहमचे रोध घ्या, ६ साठी ३ चे दोन एकसर जोडा. एकूण रोध १ किलोओहम होईल आणि धारा ६ मिलिअँपिअर. प्रोबच्या ०.४ ओहमचा तिथे काही फरक पडणार नाही. रोध मोजताना मात्र बॅटरी काढून ठेवा. आकडे आले की इथेच कळवा.